उजव्या हाताचा घास

उजव्या मनगटात नवा सांधा बसवल्यानंतर मालिनीताई आज पहिल्यांदाच वृद्धाश्रमाच्या जेवणघरात आल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताने वरणभाताचा घास केला, ताटाच्या कडेला दोनदा टेकवला आणि शेजारच्या दत्तारामांच्या तोंडापुढे धरला. मालिनीताईंनी जन्मात कुणाला भरवलं नव्हतं.

वर्षभर कुणाच्याच हातून धड न जेवलेल्या दत्तारामांनी तोंड उघडलं. घास गिळून ते म्हणाले, "आज उशीर केलास, शेवंता."

शेवंता त्यांची बायको. ती गेल्या वर्षी इथेच वारली.

राउंडवर आलेले डॉक्टर ओशाळले. "नव्या सांध्यात इथल्याच माणसांच्या साठवलेल्या हालचाली भरतो आम्ही. म्हणून तर हात दोन आठवड्यांत चालू होतो. पण नेमक्या यांच्या पत्नीच्या याव्यात... त्या पुसून टाकू. हाताला सगळं नव्याने शिकवावं लागेल, पण तो तुमचाच राहील. पुसू ना?"

"हो" म्हणायला मालिनीताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात उजवा हात हळूच वर आला आणि त्यांच्या ओठांवर येऊन थांबला. बोटांना अजून वरणभाताचा वास येत होता.