ओळखीचं गाणं

तू नुसतं ऐक. साताऱ्यातला खडीसाखर बँड. कार्यक्रमच मिळेनात, म्हणून त्यांनी एक गाणं एका म्युझिक कंपनीला विकलं. आता विकलेलं गाणं बँडवाल्यांच्या डोक्यातून पुसून टाकतात, नियमच आहे. म्हणून त्यांनी सगळ्यात फालतू गाणं दिलं, स्टेजवर एकमेकांची ओळख करून देतात ते.

कंपनीत गाणं पुसून घ्यायला आधी गायक रोहिदास आत गेला. बाहेर आल्यावर मृण्मयीनं, म्हणजे ढोलकीवाल्या त्याच्या सख्ख्या बहिणीनं, टप्पल मारली. "काय रे बोकडा, दुखलं का?"

तो दचकून मागे सरकला. "सॉरी मॅडम, आपण कोण?"

मृण्मयीच्या ध्यानात आलं, गाण्याबरोबर त्यातली ओळखही पुसली गेली. तेवढ्यात आतून हाक आली, "ढोलकी, या!"

नाही म्हटलं तर व्यवहार मोडणार, बँड बंद. आत गेली तर रोहिदास आपला कोण, हे तिलाही आठवणार नाही.

सांग, तू काय केलं असतंस?