नीट वाचा

"पाठ्यपुस्तकं आलीच नाहीत? मग मुलं वाचतात काय?" तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"परिपत्रकं, साहेब. ती वेळेवर येतात," कुसळेबाई म्हणाल्या. शाळेचा पट जेमतेम नऊ. "नीट वाचलंत तर शाळा वाचेल," असं त्यांनी मुलांना सकाळीच बजावलं होतं.

साहेबांनी बॅगेतून हाताला लागला तो कागद तिसरीतल्या शेवंतासमोर धरला. ती एका दमात वाचू लागली, "उपरोक्त विषयास अनुसरून, समान व गुणवत्तापूर्ण शिक्षणासाठी कमी पटाची सदर शाळा बंद करून विद्यार्थ्यांचे सहा किलोमीटरवरील शाळेत समायोजन करण्यात येत आहे." 'समायोजन'लासुद्धा ती अडखळली नाही.

साहेबांनी तक्त्यात लिहिलं, 'वाचन : उत्कृष्ट'.

कागद परत देऊन शेवंता बाईंकडे वळली. "वाचली ना शाळा, बाई?"