काकूंची तक्रार

पाऊस पडला की शेजारच्या काकू कुंपणापाशी हजर. "अगं, तुमच्या पन्हळीचं पाणी माझ्या ओट्यावर सांडतंय." तक्रार एवढीच, पण तिच्या मागून दुखरे गुडघे, एकटीपुरता स्वयंपाक, न वाजणारा फोन असं सगळं यायचं. तासभर आईची सुटका नाही.

शेवटी मीच शिडी लावली आणि छताच्या पन्हळीतला कुजका पाला उपसला. पाणी सुतासारखं सरळ पाइपात! मी जाम खूश.

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. काकू छत्री घेऊन आल्या, बराच वेळ वर बघत राहिल्या.

"सांडत नाही आता?"

"नाही काकू. मी साफ केली."

"शहाणी गं," म्हणाल्या आणि हळूच आपल्या घरात गेल्या.



पाऊस थांबल्यावर मी परत शिडी लावली आणि मूठभर पाला होता तिथेच कोंबला.