डिंकेल म्हणजे गहू नव्हे

आन्सेल्म भट्टीतून दुपारचे पाव काढत होता, तेवढ्यात त्याची सून गेरलिंडे बेकरीच्या दारात येऊन उभी राहिली. इस्पितळातून ती थेट इथेच आली होती. सहा वर्षांची लेक यूले तिचा हात धरून होती. पोर काटकुळी, पोट तेवढं फुगलेलं.

"काय म्हणाले डॉक्टर, सूनबाई?"

"रक्ताचा रिपोर्ट मागच्यापेक्षा वाईट. गव्हाचा कणही द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं, मग जातोय कुठून, असं मलाच विचारलं त्यांनी." तिचा आवाज चिरकला. "पीठ चिकटून राहतं म्हणून लाकडी पळ्या जाळल्या. भांडी वेगळी केली. मी स्वतः पाव सोडला. आणखी काय करू, बाबा?"

आन्सेल्मला तिची कीव आली आणि थोडं हसूही आलं. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचण्यात हिचा जन्म चालला, पण अन्न कशाशी खातात ते काही हिला कळलं नाही.

"सगळा घोळ तुमच्या त्या नव्या गव्हाचा," तो म्हणाला. "बुटका, खतावर पोसलेला. आपल्या श्वाबिया प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या डिंकेल खाल्लं लोकांनी. जुनं धान्य. कुणाचं पोट बिघडलं? म्हणून तर पोर अजून उभी आहे."

"म्हणून तर?" गेरलिंडेने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हिला काय दिलंत तुम्ही?"

"गहू नाही दिला. गहू माझ्या दुकानात येतच नाही." त्याची मान ताठ होती. "शाळेतून आली की डिंकेलचा एक पाव देतो, रोज. तू उगाच घर डोक्यावर घेशील म्हणून बोललो नाही."

तिने घर डोक्यावर घेतलं नाही. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"डिंकेल गहूच आहे, बाबा. जुना असला तरी गहूच. आपण नाव वेगळं ठेवलंय, एवढंच. हिच्या पोटाला विष तेच."

उभा जन्म आन्सेल्म या धान्याच्या शपथा खात आला होता. दोष कुणावर तरी ढकलायचा होता, आणि त्याला समोर नात दिसली.

"मग तू का बोलली नाहीस गं? पोट दुखत नव्हतं?"

यूलेने आधी आईकडे पाहिलं.

"दुखायचं. पण नको म्हटलं असतं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं ना, आजोबा."