दक्षिणेकडची वाडी

“म्हणजे तुमच्या गावाचं नावसुद्धा आम्हीच ठेवलं म्हणायचं!” थर्झा म्हणाली आणि चर्चच्या सभागृहातल्या साऱ्या बायका खो खो हसल्या. हेस्टरच्या कपातला चहा बशीत सांडला.

पाद्रीबाबा त्या दिवशी गावांच्या नावांवर बोलत होते. सटन म्हणजे दक्षिणेकडची वाडी, एवढाच अर्थ, ते म्हणाले. इंग्लंडात अशी सटन पावलोपावली सापडतील. गंमत अशी, की आपल्याच घराला कुणी ‘दक्षिणेकडचं’ म्हणत नाही. वर उत्तरेला राहणाऱ्यांनी खाली बोट दाखवून ठेवलेलं ते नाव. आणि सटनच्या उत्तरेला, टेकडीवर, होतं नॉर्टन, म्हणजे उत्तरेकडची वाडी. नॉर्टनचंही तसंच, ते नाव खालच्यांनी ठेवलेलं, असं पाद्रीबाबा पुढे सांगत होते. पण हशात ते कुणाला ऐकूच आलं नाही.

हेस्टर सटनची, थर्झा नॉर्टनची. हेस्टरची सख्खी थोरली बहीण.

बस नॉर्टनपर्यंतच यायची. पाऊस पडला की नॉर्टनचं पाणी वाहत खाली येऊन सटनच्या अंगणात साचायचं. आणि ॲम्ब्रोज! जत्रेत तो आधी हेस्टरशीच नाचला होता. वर्षभराने अंगठी मात्र थर्झाच्या बोटात गेली. हेस्टरने मग विल्फशी लग्न केलं. पोरं झाली, गाई आल्या, चिखल तर होताच. धुणं वाळत घालताना तिची नजर आपसूक वर जायची. टेकडीवरच्या थर्झाच्या पांढऱ्या घराच्या काचा चमकायच्या आणि हिच्या काळजात कळ उठायची. आता गावाचं नावसुद्धा त्यांनी दिलेलं!

दुसऱ्या दिवशी सोमवार, धुण्याचा दिवस. अर्धं धुणं तारेवर गेलं आणि हेस्टरने टोपली खाली आपटली.

“कुठे निघालीस?” विल्फने गोठ्यातून विचारलं.

“तिने गावाला नाव ठेवलं ना? आता मी तिला नावं ठेवून येते!”

टेकडी चढताना ती एकच वाक्य घोकत होती. आजपासून तू माझी बहीण नाहीस. नाताळलाही येऊ नकोस.

दार ॲम्ब्रोजने उघडलं. केस पिकलेले, गाल बसलेले. त्याला बघून पूर्वी छातीत धडधडायचं, हे तिला आठवूनही खरं वाटेना.

“वर आहे,” तो नजर न मिळवता म्हणाला. “वरच असते.”

या घराचा जिना हेस्टर कधी चढली नव्हती. वरच्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची होती आणि खुर्चीत पाठमोरी थर्झा.

“कोट न घालता आलीस,” मागे न वळता ती म्हणाली. “या वाऱ्यात मरशील ना, बये!”

हेस्टर दारातच थबकली. “तुला काय माहीत?”

“निघालीस तेव्हापासून बघतेय. टोपली तशीच टाकलीस. विल्फने घेतलंय बघ उरलेलं धुणं. चादर उलटी घालतोय वेडा.”

“तू रोज बघतेस?”

“मग काय करू? या घरात घड्याळ सोडलं तर कुणी आवाज करत नाही.” थर्झाने शाल घट्ट ओढून घेतली. “काल पाद्रीबाबा म्हणाले, वरच्यांनी खाली बघून नाव ठेवलं. मला वाटलं, माझी चोरीच पकडली चारचौघांत. म्हणून थट्टेवारी नेलं. तू माझ्यावर जळतेस, ठाऊक आहे मला. पण तुझ्या तारेवर दुपटी वाळत असायची ना हेस्टर, तेव्हा मी हा पडदा ओढून घ्यायचे. आणि लगेच पुन्हा उघडायचे.”

घोकलेलं वाक्य हेस्टरच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच विरलं. तिने भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि थर्झाच्या खांद्याला खांदा लावून बसली.

खाली धुराड्यातून धूर निघत होता. तारेवर सदरे वाऱ्याने फुगले होते. चादर उडाली, तिच्यामागे विल्फ धावला, विल्फमागे धाकटी पोर आणि पोरीमागे कुत्रा. इथे आवाज येत नव्हता, पण ती सगळी हसत असणार हे कळत होतं. हेस्टर बघत राहिली. त्या घरात राहणाऱ्या बाईचा तिला आयुष्यात पहिल्यांदाच हेवा वाटला.