श्रावणातली पाहणी

“सावकार हरला नाही, तर भर बाजारात अर्धी मिशी उतरवीन!” एझरानं मांडीवर थाप मारली.

“आणि हरला तर मी उतरवतो,” शेजारचे भगवानशेट म्हणाले. “लावा पैज!”

पैज होती कादंबरीवर. कोर्टकचेरीची, पण घडणारी सगळी पनवेलच्या खाडीकाठी. एका विधवेचं मिठागर सावकारानं दाबलेलं, तिचा साक्षीदार खाडीत बुडून मेलेला. एझरा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ती मोठ्यानं वाची आणि आळी जमे. धक्क्याचं, बाजाराचं नाव आलं की “आपलंच, आपलंच!” असा गलका व्हायचा.

पायरीवरची सोनाबाई तेवढी गप्प असे. तिचंही मिठागर असंच गेलेलं, आणि ते दाबणारे भगवानशेट चार हातांवर पान चघळत बसलेले. दावा कोर्टात होता. शेटच्या वकिलानं जागेच्या पाहणीला श्रावणातली तारीख मागितली होती आणि हिनं खुशाल मान डोलावली होती.

शेवटचं प्रकरण आलं. एझरानं पान उलटलं आणि त्याचा चेहराच उतरला. एरवी अख्ख्या आळीला टोप्या घालणारा माणूस. मनात आणलं असतं तर विधवेला तिथल्या तिथे जिंकवून पैज खिशात घातली असती. कोण बघायला येणार होतं?

पण त्यानं लिहिलं होतं तेच वाचलं. न्यायाधीश भर श्रावणात होडीतून पाहणीला आले. बांध पाण्याखाली, मीठ पिकवायच्या कोंड्या पाण्याखाली. साहेबांना दिसलं नुसतं पाणी. निकाल लागला: इथे मिठागर नाहीच, ही खाडी आहे. दावा रद्द.

“अरे, श्रावणात मिठागर बघायला जातात होय रे, गाढवांनो!” एझरानं पुस्तक ओट्यावर आपटलं. “पावसात आख्खं खाजण बुडतं! न्याय करता का थट्टा?” ओट्यावर एकच गदारोळ झाला. कुणी न्यायाधीशाला शिव्या घातल्या, कुणी सावकाराच्या वकिलाला.

भगवानशेट पोट धरून हसत होते. “मिशी, एझराशेट, मिशी!”

“एझराभाव,” सोनाबाई म्हणाली, “ता पानी बघितल्याचा परत वाचा.”

हसता हसता शेट थांबले. “अगं, गोष्ट आहे ती.”

“वाचा तुमी, भाव.”

एझरानं वाचलं. एकेक शब्द, सावकाश, शेटच्या तोंडाकडे बघत. सोनाबाई पदर खोचून उठली. “मना वाटला, कोरटाला सगला कलतं,” एवढंच बोलली आणि चालू लागली.

सोमवारी बाजारात ही गर्दी! एझरा न्हाव्यापुढे पाटावर बसलेला, डाव्या गालाला साबण फासलेला. भगवानशेट येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटत होते. अर्धी मिशी खाली पडली तशा लोकांनी शिट्ट्या मारल्या.

कोर्टाकडून सोनाबाई भरभर आली. गर्दीतून वाट काढत थेट पाटापाशी.

“आर्ज दिला, भाव. मंजूर झाला. पाहनी आता दिवालीनंतर, आगर उघडा पडल्यावर.”

पेढा धरलेला शेटचा हात तसाच राहिला.

एझरानं उरलेल्या अर्ध्या मिशीला पीळ भरला. “हसा की, शेट! जिंकलात ना तुम्ही?”