बारा वेळा एकच गाणं

आईनं बाबांना येना शहरात पाठवलं होतं एकाच कामासाठी: पोराला पुन्हा नोकरीला लावून या. राजानंदनं भिंगांच्या कंपनीतलं संशोधन सोडून अमेरिकन कंट्री गाण्यांचा बँड काढला होता, तोही जर्मनीत. बाबा स्टुडिओत येऊन बसले. बेट्टिना गात होती, चौघे वाजवत होते आणि राजानंद काचेआडून नुसता म्हणत होता, “नोखमाल!” म्हणजे पुन्हा. हा नेमका करतो काय, बाबांना कळेना. बाराव्यांदा गाणं संपल्यावर तो म्हणाला, “पहिलंच सीडीवर ठेवू.” बाबा चक्रावले. “अरे, मग बिचारीला आणखी अकरा वेळा कशाला गायला लावलंस?” “बाबा, पहिलंच चांगलं होतं, हे बाकीची ऐकल्याशिवाय कसं कळणार?” बाबा घुटमळले. “तुझी आई मी पाहिलेली पहिली मुलगी. होकार कळवण्याआधी आणखी नऊ पाहिल्या.” “आईला माहितीये?” “नाही. सांगू नकोस. नोकरीचं तिला मी समजावतो.”